चटावलेली

सोन्याचे अंडे देणाऱ्या कोंबडीची गोष्ट आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत ऐकली आहे. तिचे पोट फाडणाऱ्या हावऱ्या मालकाला आपण मनसोक्त हसलोही आहोत. पण स्वतःचे अंडे स्वतःच फोडून खाणाऱ्या कोंबडीची गोष्ट माझ्या तरी वाचनात आलेली नाही. कुंपणाने शेत खाल्ले तर त्याची म्हण होते. कोंबडीने अंडे खाल्ले तर तिचे कालवण होते. तिच्या बाजूने कोणी बोलत नाही. म्हणून या अंकापुरते मी तिचे वकीलपत्र घेतले आहे.

विषय ऐकून मैत्रिणी हसल्या. “अगं, पावसावर लिही, मैत्रीवर लिही, कोंबडीवर काय लिहितेस?” असे म्हणाल्या. त्यांचेही खरेच आहे. परंतु ज्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच, त्या घराचा जमाखर्च अंड्यांतच मांडावा लागतो.

जुन्नर-आंबेगाव म्हटले की लोकांना शिवनेरी आठवतो, भीमाशंकर आठवते, नाहीतर नारायणगाव-मंचरकडची बागायत आठवते. आमची वाडी या बागायतीच्या उलट दिशेला, डिंभे धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आहे. इकडे भात, नाचणी, वरई आणि हिरडा. हातात पैसा येतो तो दोनदाच, भात निघाल्यावर आणि हिरडा विकल्यावर. त्यातही २०२० च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची कितीतरी झाडे मोडली. मधल्या महिन्यांत मीठ-मिरची, दवाखाना आणि माझा एस.टी.चा पास चालतो तो आईच्या सहा कोंबड्यांवर. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. त्यांतली काही रवणात बसवायला ठेवायची आणि उरलेली घोडेगावच्या बाजारात न्यायची. एका अंड्याला दहा-बारा रुपये मिळतात. ते पैसे आई एका डब्यात ठेवते. त्या डब्याला दादाही हात लावत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म त्याच डब्यातून भरला गेला.

त्यामुळे आमच्या घरी अंडे ही खायची नव्हे, विकायची वस्तू. अमृत आहार योजना २०१५ साली आदिवासी भागातल्या मातांसाठी निघाली आणि पुढे अंगणवाडीतल्या मुलांनाही तीतून अंडी मिळू लागली, तेव्हा माझा धाकटा भाऊ घरी येऊन सांगू लागला, “आज मी अख्खं अंडं खाल्लं!” घरात सहा कोंबड्या असताना त्याला त्याचे अप्रूप वाटत होते.

गेल्या पावसाळ्यात, भाताच्या आवणीच्या दिवसांत, अंडी नाहीशी होऊ लागली. प्रथम संशय सापावर, मग मुंगसावर, मग (हे हळू आवाजात) शेजाऱ्यांवर. आजीने मात्र डालग्यातला पेंढा उचलून नाकाशी धरला. “साप अंडं सगळंच गिळतो, मागं काय ठेवीत न्हाई. मुंगूस घेऊन पळतं. ह्यो पेंढा चिकाट झालाय. चोर घरातलाच हाय.” दुसऱ्या दिवशी तांबडीच्या चोचीला पिवळे बलक लागलेले दिसले. चार दिवसांत काळीही तिच्या जोडीला गेली. एकीचे पाहून दुसरी शिकते, हा कोंबड्यांचा स्वभावच आहे.

“चटावली,” असा निकाल वाडीने दिला. उपायही ठरलेले होते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, अंड्याला भोक पाडून आतले काढा आणि त्यात लाल तिखट भरा, पुन्हा चोच लावायची नाही. एकाने चोचीचे टोक डागायला सांगितले. दादा म्हणाले, “कापून टाकू, चटावलेली कोंबडी सुधरत न्हाई.”

तिखटाचा प्रयोग मावशींनी स्वतः केला. तांबडीने ते अंडे तिखटासकट फस्त केले आणि पेंढ्याला चोच पुसून ती आणखी आहे का म्हणून पाहू लागली. वाडीला मोठा अचंबा वाटला. वास्तविक पोपट मिरच्या खातो हे आपण सगळेच पाहतो, पण त्यावरून कोणी कोंबडीचा विचार करत नाही. तिखटाची आग ओळखणारी एक यंत्रणा आपल्या मज्जातंतूंत असते. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती १९९७ साली शोधून काढली आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पक्ष्यांतही ही यंत्रणा आहे, परंतु मिरचीच्या तिखटाला ती दाद देत नाही. म्हणूनच मिरचीचे बी पक्ष्यांच्या पोटातून रानोमाळ पसरते. म्हणजे मावशींनी दिलेली शिक्षा तांबडीला शिक्षा वाटलीच नव्हती.

चोच डागायला आजीने साफ नकार दिला. “चोच म्हंजी तिचा हात आन् तोंड. हात डागल्यावर ती पोट कशानं भरंल?” मग आजी तिच्या पद्धतीने विचारू लागली, तांबडीला नव्हे, आम्हाला. कोंबड्यांना खायला काय घालता? दिवसभर कुठे कोंडता? अंडी कोण उचलते?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी होती. उन्हाळ्यात कोंबड्या रानात फिरून किडे, वाळवी, कोवळा पाला खातात. पावसाळ्यात बिबट्याच्या आणि मुंगसाच्या भीतीने त्या खुराड्यात कोंडलेल्या. खायला तांदळाच्या कण्या आणि कोंडा. अंडी घालायला सहा जणींत एकच डालगे, तेही ओले. आणि सगळे घर आवणीला गेल्याने सकाळचे अंडे संध्याकाळपर्यंत तिथेच. दाटीत एखादे अंडे पायाखाली फुटते, त्याची चव कळते, आणि मग फोडून खायची सवय लागते.

शिवाय अंडे फुटते ते कवच पातळ असते म्हणून. कॉलेजच्या ग्रंथालयात कुक्कुटपालनाचे एक पुस्तक मिळाले, त्यातून बरेच कळले. अंड्याचे कवच म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या चुन्याच्याच जातीचे. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यांपैकी २० तास एकट्या कवचाला, आणि त्यांतला बराचसा वेळ रात्रीचा. पोल्ट्रीतल्या अंड्यांच्या कोंबड्यांच्या खाद्यात शेकडा साडेतीन ते चार भाग कॅल्शियम असते. कण्यांत ते नावालाच. आपण जिचे कौतुक करतो त्या नाचणीतही शेकडा एक भागाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच. बाहेरून कमी पडले की कोंबडी आपल्या हाडांतला चुना काढून कवच घडवते. हे वाचले आणि मला आईचे दुखणारे गुडघे आठवले.

मग उपाय सुरू झाले. मंचरहून शिंपल्यांचा चुरा आणता आला असता, पण डबा रिकामा होता. घोडेगावच्या एस.टी. स्टँडजवळच्या भुर्जीच्या गाडीवाल्या काकांना मी म्हणाले, “काका, टरफलं टाकू नका, मला द्या.” त्यांना वाटले चित्रकलेसाठी हवी असतील. ती पिशवी मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसत असे. घरी टरफले धुऊन तव्यावर खरपूस भाजायची आणि वरवंट्याने बारीक करायची. भाजल्याने रोगाची भीती जाते आणि बारीक केल्याने कोंबडीला त्यात अंडे ओळखू येत नाही. हा चुरा संध्याकाळी वेगळ्या करवंटीत ठेवायचा, म्हणजे रात्री कवच घडताना तो उपयोगी पडतो. कण्यांबरोबर वाळवीचे ढेकूळ आणि पाला सुरू केला. दुसरे डालगे आले, पेंढा कोरडा आणि जाड झाला. डालग्यापुढे गोणपाटाचा पडदा लावला, कारण अंधारात कोंबडी अंडे घालते, पण टोचत बसत नाही. आजीला आवणीचे काम झेपत नाही. तिने दुपारपर्यंत तीनदा अंडी उचलण्याचे काम घेतले. आणि घोड नदीच्या पात्रातून आणवलेला एक पांढरा, गुळगुळीत, अंड्याएवढा गोटा तिने डालग्यात ठेवला. तिच्या आईची ही जुनी युक्ती. कोंबडीला जागा कळते, आणि टोचले तर काही हाती लागत नाही.

तीन आठवड्यांत तांबडी सुटली. काळी मात्र सुटेना. सवय जुनी झाली की पोट भरूनही राहते, हेही खरे. तेव्हा कापायला निघालेल्या दादांनीच तोड काढली. त्यांनी मंचरकडे अंड्यांच्या पोल्ट्रीत मजुरी केली आहे. तिथे पिंजऱ्याचा तळ उतरता असतो आणि घातलेले अंडे घरंगळून कोंबडीच्या चोचीबाहेर जाते. दादांनी काळीच्या खोक्यात तिरकी फळी बसवली आणि मागे गवताने भरलेली खाच ठेवली. काळी अंडे घालून वळून पाही, तर अंडे जागेवर नसे! काही दिवस ती गोंधळली आणि मग तिने नाद सोडला. दिवाळीच्या बाजाराला आईने तीस अंडी नेली.

हे सगळे मी इतक्या विस्ताराने लिहिले त्याला आणखी एक कारण आहे. ‘चटावली’ हा शब्द आमच्याकडे कोंबडीपुरता नाही. बारावीनंतर मी कॉलेजचे नाव काढले तेव्हा भावकीतली माणसे आईला म्हणाली होती, “पोर चटावलीय. तिला आत्ताच आवर घाल, स्थळ बघ.” आई तेव्हा काही बोलली नाही. तिने डबा उघडला आणि पैसे मोजले. कोंबडी असो की मुलगी, ती नेमाबाहेर गेली की सवयीला नाव ठेवणे सोपे असते. तिला काय कमी पडते आहे हे विचारायला डालग्यातला पेंढा उचलावा लागतो. आमच्या घरात ते आजीने केले, आणि ती एकही इयत्ता शिकलेली नाही.

दुसऱ्या वर्षाचा परीक्षेचा फॉर्म मी भरला आहे. भुर्जीवाले काका आता न सांगता टरफले वेगळी ठेवतात. परवा त्यांनी विचारले, “पोरी, एवढी चित्रं काढलीस, एखादं दाखव की!”