संगदिल

निष्ठुर माणसाला उर्दूत 'संगदिल' म्हणतात, दगडाच्या काळजाचा. वर्गात ही उपमा आहे असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. मग अम्मीला धाप लागू लागली. केसरीवाड्याच्या नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत तिचा टूडी एको काढला. रिपोर्टात लिहिले होते : महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साठले आहे.

त्याच संध्याकाळी खालांनी निकाल दिला, "दूध बंद, दही बंद, पानातला चुना बंद!" पान सुटले ते बरेच झाले, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईचे दूध तोडायचे? तिची हाडे आधीच ठिसूळ. अम्मीने मात्र दुसऱ्या दिवसापासून कोरा चहा सुरू केला.

आम्ही विज्ञानही शिकवतो, म्हणून शोधत बसलो. मराठीने फारसीतून दुर्बीण घेतली, म्हणजे दूरचे पाहणारी. तिची बहीण खुर्दबीन, बारीक पाहणारी, ती मात्र उर्दूतच राहिली. इथे कामाला आली ती इलेक्ट्रॉनची खुर्दबीन. तिच्यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत असतो. जड अणू तो झोत जास्त परतवतात, हलके अणू कमी. मांस बहुतेक कार्बन-ऑक्सिजनचे, म्हणून ते अंधुक दिसते आणि कॅल्शियम लख्ख उजळते.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या सर्जिओ बर्टाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झडपा, महाधमनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अशा तपासल्या. 'नेचर मटेरिअल्स'मध्ये ते २०१३ साली छापून आले. त्यांना दिसले बुंदीच्या दाण्यांसारखे गोल कण, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. हे कण कॅल्शियम फॉस्फेटचे. हाडातही तेच असते, पण या कणांच्या स्फटिकांची घडण हाडातल्यापेक्षा वेगळी निघाली. म्हणजे हाड विरघळून झडपेवर येऊन बसले, इतका सोपा हिशेब नाही. आणि ज्यांच्या झडपेवर वा नसेवर असा थर साठलेलाच नव्हता, त्यांच्यातही हे कण सापडले!

या शोधात दुधाचा उल्लेख नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ते आम्ही हृदयाच्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारले. जेवणातल्या दुधाने झडप कडक होते असे सिद्ध झालेले नाही, असे ते म्हणाले; कॅल्शियमच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. हे साठणे थांबवणारे औषध अजून नाही. झडप फारच अरुंद झाली तर ती बदलावी लागते.

अम्मीला मोबाईलवर तो फोटो दाखवला. चष्मा पुसून तिने तो बराच वेळ पाहिला.

"म्हणजे थोडा थोडा दगड सगळ्यांच्याच दिलात?"

"पुष्कळांच्या."

"मग खालांच्या जास्त असेल," ती म्हणाली आणि चहात दूध मागितले.

खालांना अजून सांगितलेले नाही. त्या आल्या की कपावर बशी झाकतो.