पाचवी ते दहावी पास

आमच्याकडे इंटरव्ह्यू म्हणजे कॉलेज कुठलं, टक्के किती, नोटिस पिरियड किती. पोरगं पसंत पडलं तरी जॉइन व्हायच्या आत दुसरीकडच्या पॅकेजवर उडतं!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५ मध्ये नवजात बाळांसाठी माणसं निवडली. कोण? गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका. बाळाचे श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शन देणं, सगळं तिथेच शिकवलं. १९९९च्या 'लॅन्सेट'मधला आकडा बघा: या ३९ गावांतला नवजात मृत्युदर इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला.

कौशल्य शिकवता येतं हो, पण अपरात्री बाळंतिणीच्या दारात पोचणारी बाई गावातलीच लागते.

सोमवारी माझ्याकडे पाच इंटरव्ह्यू आहेत. कॉलेजचं नाव शेवटी विचारीन म्हणतो.