म्हणींची वही

दहावीला असताना मी इंग्रजी म्हणींची एक वही केली होती. डावीकडे म्हण, उजवीकडे मराठी अर्थ. मार्कांसाठी पाठांतर, दुसरं काय! रात्री आई वाकळ शिवत बसायची आणि मी बाजूला मोठ्यानं घोकायची.

वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो, असं मी वाचलं तेव्हा आईनं सुई थांबवली. "हे कुण्या बाईनंच म्हटलं असंल. पन नऊच का गं?" मला सांगता आलं नाही. पुढे कळलं, इंग्रजीत 'टाइम' आणि 'नाइन' यांचा नाद जुळतो, एवढंच. टॉमस फुलर नावाच्या डॉक्टरनं १७३२ साली छापलेल्या संग्रहात ती म्हण आहे. पुस्तकावर नाव डॉक्टरचं. टाका घालणारीचं नाव कुठं असणार!

लवकर निजणाऱ्याला आणि लवकर उठणाऱ्याला आरोग्य, पैसा, शहाणपण मिळतं, ही म्हण ऐकून बाबा हसत सुटले. त्यांची गिरणीत तिसरी पाळी. "आमी तर सूर्य उगवल्यावर निजतो, आमचं काय?" बेंजामिन फ्रँकलिननं अमेरिकेत १७३५ च्या आपल्या पंचांगात ती छापली, पण इंग्लंडात ती त्याच्याही आधीची. रोज एक सफरचंद खाणारीचं तर सोडाच. आमच्या घरी सफरचंद आलं म्हणजे कुणीतरी दवाखान्यात आहे असं समजायचं.

पण एक म्हण मला वहीबाहेर भेटली. शाळेत आम्हा सवलतीच्या मुलांना बूट वाटले. मला लहान माप आलं. बदलून मागितलं, तर सर इंग्रजीत म्हणाले, "बेगर्स कॅनॉट बी चूजर्स." वर्ग हसला. अर्थ मला पाठ होता, हेच वाईट झालं.

घरी वही उघडून मी बाबांना दाखवली. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, "ही म्हन भिकाऱ्यानं केली का देनाऱ्यानं?"

दुसऱ्या दिवशी पाळीवरून ते तसेच शाळेत आले. आवाज चढवला नाही. "सर, बूट सरकारनं दिलेत, भीक न्हाई. पोरीच्या पायाचं माप घ्या." बूट बदलून मिळाले. संध्याकाळी त्यांनी माझ्याच पेनानं वहीतला अर्थ खोडला आणि शेजारी लिहिलं, 'देणाऱ्याने केलेली म्हण.'

नोकरीला लागल्यावर वाचनालयात मी ती म्हण शोधली. जॉन हेवुडच्या १५४६ च्या पुस्तकात ती सापडते. त्यात भिकाऱ्याला निवड 'करता येत नाही' असं नाही, निवड 'करू नये' असं आहे. म्हणजे ताकीदच की! त्याआधी १५३१ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात कायदा झाला होता. म्हाताऱ्या, अपंग माणसांना भीक मागायचा परवाना, आणि धडधाकट माणूस कामाशिवाय फिरताना सापडला तर चाबकाचे फटके. काम मिळत होतं की नाही, हे कोण विचारतो?

हे वाचलं तेव्हा बाबा हयात नव्हते. असते तर वही काढून त्यांच्यापुढे ठेवली असती.