हेलनची बाजू

न्याहारीच्या टेबलावर मासा येतो, लिंडा त्याला सुरी लावते, आणि माशाच्या पोटातून हिऱ्यांचं ब्रेसलेट निघतं. लग्नाचा तिसरा वाढदिवस आहे. समोर बसलेला व्हॅन, म्हणजे आपला क्लार्क गेबल, जणू आपल्याला यातलं काहीच ठाऊक नाही अशा चेहऱ्यानं तिच्याकडे बघत असतो, आणि ती, म्हणजे मर्ना लॉय, नाक किंचित वर उचलून अशी काही हसते की त्या हसण्यापुढे हिऱ्यांकडे लक्षच जाऊ नये. 'वाइफ व्हर्सेस सेक्रेटरी' या १९३६ सालच्या सिनेमातला हा अगदी सुरुवातीचा प्रसंग. सुखी संसार पडद्यावर दाखवायचा म्हणजे काय, याचा विचार मनात आला की मला पहिल्यांदा हा मासा आठवतो, कारण त्यात दागिन्याची किंमत नाहीच, त्यात आहे ती नवऱ्यानं गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन केलेली खटपट, आणि बायको कधी एकदा सुरी लावतेय म्हणून मनातल्या मनात धरलेला दम.

हा सिनेमा ह्यांचा. घरात काही वस्तू कशा एकेकाच्या असतात, पितळी तांब्या ह्यांचा, खिडकीतली खुर्ची ह्यांची, तसाच हा सिनेमाही. तरुणपणी फोर्टात नोकरीला असताना हे धोबीतलावच्या मेट्रोत जात. मेट्रो म्हणजे मेट्रो-गोल्डविन-मेयर या हॉलिवूडच्या कंपनीनं १९३८ साली मुंबईत स्वतःसाठी बांधलेलं थिएटर. तिथं एमजीएमचे सिनेमे लागत, आणि त्या थंडगार अंधारात बसून ह्यांना इंग्रजी सिनेमाचं जे वेड लागलं ते शेवटपर्यंत गेलं नाही. पण हा सिनेमा आम्ही दोघांनी मिळून पाहिला तो घरीच, नव्वदीच्या दशकात. दिवसभर मुलांची कार्टून लागायची त्याच चॅनलवर रात्री टीएनटी सुरू व्हायचं आणि मग जुने, काळेपांढरे सिनेमे, एकामागून एक. मुलं आतल्या खोलीत झोपलेली, म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक. ट्रंकेतून नुकत्याच काढलेल्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास, ह्यांच्या हातात अडकित्ता, आणि सुपारी कातरण्याचा तो करकर, करकर आवाज, जो महत्त्वाचा प्रसंग आला की आपोआप थांबायचा. माझं इंग्रजी त्या भरभर बोलण्यापुढे तोकडं पडायचं, म्हणून हे माझ्याकडे कलून हळू आवाजात सगळं मराठीत सांगत जायचे. त्यामुळे झालंय असं की माझ्या आठवणीतला क्लार्क गेबल सुपारीचा वास येणाऱ्या श्वासानं, जरा घोगऱ्या आवाजात, माझ्या डाव्या कानाशी बोलतो. आता खाली अक्षरं उमटतात, ती वाचता येतात, गोष्ट सगळी कळते. डावी बाजू मात्र गप्प असते.

गोष्ट तशी साधी. फेथ बाल्डविन या लोकप्रिय लेखिकेच्या कथेवरून घेतलेली, क्लॅरेन्स ब्राउननं दिग्दर्शित केलेली. व्हॅन मासिकांचा प्रकाशक, लिंडा त्याची बायको, आणि हेलन त्याची सेक्रेटरी, जिला तो लाडानं 'व्हाइटी' म्हणतो. हेलन झाली आहे जीन हार्लो. हुशार, कामाला वाघ, आणि दिसायला अशी की व्हॅनच्या आईलाच काळजी लागते. म्हातारी काही दुष्ट नाही. मे रॉबसननं ती फार गोड केली आहे. पण आपल्या लेकाला ती ओळखून आहे, आणि अशी मुलगी दिवसभर ऑफिसात डोळ्यांसमोर असणं बरं नव्हे, एवढंच ती सुनेच्या कानावर घालते. बस, तिथून सुरू होतं. व्हॅनच्या मनात खरोखर काही नाही. तो एक स्वस्त साप्ताहिक विकत घ्यायच्या मागे आहे, बेत बाहेर फुटू नये म्हणून कुणालाच सांगत नाही, आणि काम हेलनशिवाय होणार नाही म्हणून तिला मात्र सगळं ठाऊक. म्हणजे बायकोपासून लपवलं ते कामच. पण लपवलेलं ते लपवलेलंच, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको.

मग हवाना. व्हॅन तिथं गेलेला, हेलन मागाहून कागदपत्रं घेऊन पोचलेली, दिवसरात्र एक करून दोघांनी सौदा जमवलेला. जमल्याच्या आनंदात दोघंही थोडं प्यायलेली, हॉटेलच्या खोलीत दमून बसलेली. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघतात, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच काहीतरी आहे, जे त्यांनाही नवीन आहे. तेवढ्यात फोन वाजतो. मध्यरात्र उलटून गेलेली. हेलन सवयीनं, ऑफिसात उचलते तसा, फोन उचलते, आणि तिकडे न्यूयॉर्कला लिंडाच्या कानात नवऱ्याच्या खोलीतून तिचा आवाज पडतो.

या ठिकाणी हे कधीच काही सांगायचे नाहीत. अडकित्ताही गप्प. सिनेमा संपेपर्यंत आमचं भांडण ठरलेलं असायचं, पण त्या एका मिनिटात कुणीच कुणाची बाजू घ्यायचं नाही. मर्ना लॉयचा चेहरा नुसता बघावा. ती आरडत नाही, ओरडत नाही. चेहऱ्यावरचा उजेड फक्त थोडा कमी होतो. १९३४ च्या 'द थिन मॅन'पासून तिला पडद्यावरची आदर्श बायको म्हणायला लागले होते, आणि इथं त्या आदर्श बायकोच्या मनात विष उतरताना दिसतं, थेंबाथेंबानं. मी तेव्हा लिंडाकडे बघायचे, आणि हे हेलनकडे. ते मला न बघताही कळायचं.

हार्लो पडद्यावर पहिल्यांदा आली की हे 'बिचारी' म्हणायचे. दर वेळी. पुढचं ह्यांना ठाऊक होतं म्हणून. या सिनेमानंतर सव्वा वर्षातच, १९३७ च्या जूनमध्ये, मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली; वय अवघं सव्वीस. विल्यम पॉवेलशी तिचं लग्न व्हायचं होतं. गेबलबरोबरचा तिचा सहावा सिनेमा, 'सॅराटोगा', अर्धवट राहिला होता, आणि तो कसा पुरा केला ते हे मला परत परत सांगत: उरलेल्या दृश्यांत तिच्यासारखी दिसणारी दुसरीच मुलगी उभी केली, पाठमोरी, मोठ्या टोपीच्या आड, डोळ्यांना दुर्बीण लावलेली, आणि आवाज तिसऱ्याच कुणाचा. जुलैत तो सिनेमा लागला तेव्हा लोकांनी गर्दी केली, तिला शेवटचं बघायला. मला त्या पाठमोऱ्या मुलीचं काय वाटतं कोण जाणे, पण हल्ली माझ्या मनात तीच येते. माणूस गेल्यावर त्याच्या जागी घरात जे जे उरतं, खुंटीवरचा सदरा, चष्म्याचं रिकामं घर, दाराशी नीट जोडीनं ठेवलेल्या चपला, ते सगळं तसंच पाठमोरं असतं. आकार तोच. वळून बघत नाही.

आणि खरं सांगू, त्या 'बिचारी'चा मला हेवा वाटायचा. कधीची जग सोडून गेलेली बाई, तिनं माझं काय घेतलं होतं? पण ह्यांच्या आवाजात त्या एका शब्दापुरती जी माया यायची, ती मला ओळखीची होती, मुलं आजारी पडली की यायची, माझं डोकं दुखलं की यायची, आणि ती अशी पडद्यावरच्या सोनेरी केसांच्या पोरीला देऊन टाकलेली मला सोसायची नाही. केस तरी पुरते सोनेरी कुठले. या सिनेमासाठी तिचा तो जगप्रसिद्ध पांढरा सोनेरी रंग मुद्दाम मंद केला होता. मी फणकारून म्हणायचे, "एवढी बिचारी आहे तर दूध तिलाच द्या आता." आणि हे हसत उठून स्वयंपाकघरात जायचे, दोन पेले घेऊन यायचे, जायफळ किसून घातलेलं, साय माझ्या पेल्यात. हेव्याला माणूस लागतं हो. समोर हाडामांसाचं माणूस असावं लागतं, ज्यानं दुसरीकडे बघितलं तर आपल्याला लागेल असं. आता कुणी कुणाकडे बघत नाही, आणि त्या जळफळाटाची, तेवढ्याशा त्या चटक्याची, मला दुधाइतकीच आठवण येते.

या सिनेमात जेम्स स्ट्युअर्टही आहे, अगदी कोवळा, हेलनचा प्रियकर डेव्ह म्हणून. काडीसारखा उंच, बोलताना अडखळणारा, तिनं नोकरी सोडावी म्हणून हट्ट धरणारा. हार्लोबरोबरच्या चुंबनाचा प्रसंग परत परत करता यावा म्हणून आपण मुद्दाम चुकत होतो, अशी आठवण त्यानं म्हातारपणी सांगितली होती. ती सांगताना हे स्वतःच लाजायचे. आता ती चौघंही नाहीत. ज्या गेबलनं इथं इतक्या सहज सुखी नवरा रंगवला, त्याची खरी बायको, कॅरोल लोम्बार्ड, १९४२ च्या जानेवारीत विमान डोंगरावर आदळून गेली, आणि तो पुढे हवाई दलात भरती झाला. मर्ना लॉय गेली १९९३ साली, स्ट्युअर्ट १९९७ साली. स्ट्युअर्टची बातमी ह्यांनी मला पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवली होती, चहा निवेपर्यंत.

आमचं भांडण व्हायचं ते शेवटावरून. लिंडा घर सोडून युरोपच्या बोटीवर चढलेली असते. बोट सुटायच्या आधी हेलन तिच्या केबिनमध्ये येते आणि स्वच्छ सांगते: आमच्यात काही नव्हतं, पण तू आत्ता गेलीस तर तो माझ्याकडे येईल, आणि आला तर मी त्याला नको म्हणणार नाही. असं बोलायला केवढी छाती लागते! ह्यांचं म्हणणं, सगळा सिनेमा इथं आहे. हातातोंडाशी आलेला घास तिनं दुसरीच्या पानात वाढला, हेलनइतकं मोठं मन त्यात कुणाचंच नाही. प्रेम आहे हे कबूल करून वर त्या माणसाचा संसार सांधून देणं म्हणजे काय गंमत आहे का, असं विचारताना ह्यांचा आवाज चढायचा आणि मी आतल्या खोलीकडे बोट दाखवून मुलं उठतील म्हणायचे.

ह्यांचे सगळे मुद्दे मला पाठ आहेत. परवा रात्री सिनेमा लावला तेव्हा ते मी एकेक करून मनात म्हणूनही बघितले, अगदी त्याच क्रमानं. पण मीच विचारायचं आणि मीच उत्तर द्यायचं, यात भांडणाची चव येत नाही. ह्यांच्या बोलण्यात मध्येच जो भलताच एखादा मुद्दा यायचा, आदल्या रविवारचा, शेजारच्यांचा, माझ्या भावाच्या लग्नातला, तो मला सुचत नाही.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. हेलननं खरं सांगितलं, तिची मोठीच गोष्ट. पण ज्या बाईची रात्रंदिवस धास्ती घेतली, तिच्याच तोंडून आलेलं खरं म्हणून स्वीकारायचं, सामान तसंच टाकून बोटीवरून खाली उतरायचं, आणि ज्या ऑफिसची पायरीसुद्धा नकोशी झाली होती तिथं आपल्या पायांनी चालत जायचं, हे जास्त अवघड. त्यासाठी तिला कुणी बिचारी म्हणत नाही. लिंडा येते, हेलन निघून जाते, खाली डेव्ह गाडी घेऊन थांबलेला असतो, सगळं ठीक होतं, आणि लोक हेलनसाठी हळहळत घरी जातात. जाऊ देत. हे असते तर त्यांनी आत्ताही मान हलवली असती, पण मी अजून लिंडाच्याच बाजूची आहे.