आवलीची बाजू

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे घाटाखाली, भुसावळ-नागपूर लोहमार्गावर. खामगावला जलंबहून फाटा गेलेला. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. येथे आगगाडी नाही. (खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी आम्ही आजोबांच्या पिढीपासून ऐकत आहोत, तो विषय येथे नको.) जुने चित्रपट आणि मालिका यांच्याविषयी बोलताना माणसे ‘माझी आवड’ असे फार सहजपणे म्हणतात, म्हणून हा भूगोल आधी सांगितला. आमची आवड पुष्कळ अंशी लोखंडी पेट्यांतून आली. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण चित्रपटव्यवसायाच्या वह्यांत आम्ही ‘सी. पी. बेरार’मध्येच राहिलो. मुंबई-पुण्याचा विभाग वेगळा, आमचा वेगळा. भुसावळच्या आणि अमरावतीच्या वितरकांकडून चित्रफितींच्या पेट्या निघत, मलकापूरला उतरत आणि एस.टी.च्या टपावरून राजूरचा घाट चढत. जे वर पोहोचले ते आम्ही पाहिले. हिंदी चित्रपटांना चांगला धंदा होई, म्हणून ते लवकर येत. मराठी चित्रपट उशिरा आणि झिजून येत.

‘संत तुकाराम’ हा प्रभातचा चित्रपट १९३६ सालचा. दामले-फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्यापर्यंत तो माझ्या शाळकरी वयात, १९७४ सालच्या सुमारास, जत्रेतल्या तंबूत आला. म्हणजे चित्रपटाचे वय त्या वेळी अडतीस वर्षांचे होते. पडद्यावर पाऊस पडावा तशा रेघा, मध्येच तुटणारी फीत आणि अंधारात शिट्ट्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसत. त्यामुळे मी आईजवळ आणि बाबा पलीकडे, अशी आमची वाटणी झाली होती.

माझे वडील धर्मशिक्षक होते. आसपासच्या खेड्यांतून सायकलवर फिरून ते प्रार्थना घेत, आजाऱ्यांना भेटत, मुलांना शिकवत. रेव्हरंड टिळक स्वतः सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. बाबांना ही गोष्ट फार प्रिय होती. तुकोबांचा गाथा आमच्या घरी पवित्र शास्त्राशेजारच्या फळीवर असे. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले, की बाबांच्या चेहऱ्यावर जे उमटत असे त्याला मी आजही भक्तीच म्हणेन. पागनीस मुळात रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट; त्यांच्या चालण्याबोलण्यातले मार्दव तुकोबांना विलक्षण शोभले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला अभंग तर अनेकांनी तुकोबांचाच मानला. बाबाही तो गाथ्यात शोधत बसले होते.

आई मात्र तंबूतून निराळाच चित्रपट पाहून बाहेर पडली. तिचा चित्रपट आवलीचा होता.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे त्यांना गौरीबाईंची आवली आठवत असेल. पोर आजारी पडते तेव्हा ती त्याला घेऊन देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन विठोबालाच जाब विचारते. तंबूतले लोक त्या प्रसंगाला हसत होते. आई हसली नाही. परतीच्या वाटेवर बाबांनी पागनीसांचे गुणगान सुरू केले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “लेकरं उपाशी ठेवून कोनतं पुन्य लागते, ते सांगा बरं मले.”

बाबा गप्प झाले. त्याला कारण होते. १९७२ सालच्या दुष्काळात आमच्या घरी ज्वारीचे एक पोते होते. त्यातली निम्मी ज्वारी बाबांनी रोजगार हमीच्या कामावरून परतणाऱ्या दोन कुटुंबांना वाटून टाकली. आईला न विचारता. पुढचे दोन महिने आम्ही मिलोच्या भाकरी खाल्ल्या. धाकट्या बहिणीला त्या पचत नसत. ती बरी झाली, आणि बाबांची ती कृती योग्यच होती असे आजही गावात सांगणारे लोक आहेत. परंतु आईला कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. तो हिशेब तिने दोन वर्षे मनात ठेवला होता.

या चित्रपटाची थोरवी पुष्कळांनी पागनीसांच्या गायनात आणि केशवराव भोळ्यांच्या संगीतात पाहिली आहे. ती तेथे आहेच. माझ्या मते खरी थोरवी याहून निराळी आहे. संताचे चरित्र सांगताना दिग्दर्शकांनी संताच्या बायकोची तक्रार खोडून काढलेली नाही. आवली कजाग आहे, पण ती खोटे बोलत नाही. संताला अन्न कोण शिजवून घालते, हे चित्रपट शेवटपर्यंत विसरत नाही. विमान तुकोबांना घेऊन वर जाते आणि आवली मागे जमिनीवर राहते. संतपट पुढे पुष्कळ निघाले; त्यांतल्या बायका बहुधा पहिल्या चमत्काराला हात जोडून मोकळ्या होतात.

याच जोडीने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. त्यात ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. हेच मोडक शांतारामांच्या ‘माणूस’मध्ये (१९३९) पोलीस शिपाई गणपत होते आणि पडद्यावर कितीतरी वेळा श्रीकृष्ण झाले. प्रेक्षकांनी त्यांच्या कृष्णाला हात जोडले. दादासाहेब फाळके यांनाही मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहूनच कृष्णचरित्र पडद्यावर आणावे असे सुचले होते. वाचकांना या दोन्ही गोष्टी ठाऊक असतील. मला त्या पुन्हा सांगायला आवडतात.

दूरदर्शनची कथाही पेट्यांसारखीच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांच्या आठवणींनी पुण्या-मुंबईची माझ्या वयाची माणसे सद्गदित होतात. मी सभ्यपणे मान हलवतो. घाटावर आम्ही चिमणराव पुस्तकातच वाचला होता. लघुशक्ती प्रक्षेपक आले आणि आम्हांला दिसली ती दिल्ली : १९८४ ची ‘हम लोग’, मग ‘बुनियाद’. लाहोरचे मास्टर हवेलीराम आम्हांला आमच्याच गल्लीतले वाटत, आणि पुण्याचा चिमणराव परका! मराठी माणसाच्या म्हणून ज्या आठवणी सांगितल्या जातात त्यांत आमचा वाटा किती, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले. आमची मिस्सा लवकर होई, त्यामुळे धर्मसंकट उद्भवले नाही. आई प्रार्थनेहून परस्पर शेजारच्या काकूंकडे जाई आणि त्या दोघी ऊर्मिलेवरून भांडत. मला स्वतःला ती मालिका भरजरी आणि संथ वाटली. मुकुटांच्या झगमगाटात माणसे हरवली. त्याच सुमाराची शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ मात्र मी तिच्यापेक्षा कितीतरी वरची मानतो. तिच्यात कोणाला थोर व्हायचे नसते. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ (१९८८) त्रेपन्न भागांची. ती बाबांनी एकही भाग न चुकवता पाहिली, मांडीवर वही घेऊन.

बाबा १९९२ साली गेले. त्यानंतर काही वर्षांनी एका दुपारी दूरदर्शनवर ‘संत तुकाराम’ लागला. आई खुर्ची पुढे ओढून बसली. देवळातला वहाणेचा प्रसंग आला तेव्हा ती प्रथमच हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग विमानाचा प्रसंग जवळ आला. “चहा ठेवते,” म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आधण केव्हाच उकळले असावे. ती बाहेर आली नाही. उरलेला चित्रपट मी एकट्यानेच पाहिला.