आप्पांची खुर्ची आणि तेरा हजारांचा डॅक



गेल्या आठवड्यात नववीला ध्वनीचा धडा संपवला. गेली अठरा वर्षं शिकवतोय, त्यामुळे पुस्तक न उघडताही शिकवता येतो. पण या वर्षी फळ्यावरची एक आकृती मला पुसून पुन्हा काढावी लागली. ती का पुसली, ते सांगण्यासाठी हे लिहितोय. यात विज्ञान थोडं आहे आणि घरातलं जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे गाणं ऐकायचं वेड आप्पांचं. माझे वडील. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये एकतीस वर्षं नोकरी. गळीत हंगामात तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. आणि हाच माणूस अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला मिरजेच्या दर्ग्यात रात्रभर बसून गाणं ऐकायचा. खाँसाहेब गेले १९३७ साली, आप्पांच्या जन्माआधी. पण आमच्या घरात त्यांचा विषय असा निघायचा, की जणू कालच येऊन चहा पिऊन गेलेत.

माझ्या पहिल्या पगारांतून मी ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि सीडी प्लेअर घेतला. आता त्याला वीस वर्षं झाली. अलीकडे बरीच गाणी लॅपटॉपमध्ये भरली आहेत, ती एका वायरीने ॲम्प्लिफायरला जोडून ऐकतो. दोन-अडीच वर्षांपूर्वी आप्पा एकदा म्हणाले, "तंबोरा मुका झालाय बघ. नुसताच टणटण करतोय." काही दिवसांनी दुसरी तक्रार, "मागं भुंगा आहे. तो काढ की आधी." मला तंबोरा ऐकू येत होता आणि भुंगा अजिबात येत नव्हता. मी म्हटलं, "आप्पा, काही नाही, तुम्हाला वाटतंय." ते काही बोलले नाहीत. हळूहळू गाणं लावलं की ते ओट्यावर जाऊन बसायला लागले. आम्ही म्हणायचो, वय झालं, चिडचिड वाढली.

मग मीच एक निदान केलं: दोष आपल्या यंत्रातला. सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजायची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायचं. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून सीडी ठरवली आणि १९८२ मध्ये बाजारात आणली, तेव्हापासून हेच माप आहे. या आकड्यांचा पुन्हा विजेचा चढउतार करणारा भाग म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, हौशी लोकांच्या भाषेत डॅक. तो सीडी प्लेअरच्या, लॅपटॉपच्या, तुमच्या मोबाइलच्याही पोटात असतो. वेगळा, चांगल्या प्रतीचा डॅक घेतला की आवाजावरचा पडदा दूर होतो, असं मी बरंच वाचलं होतं. महागाई भत्त्याच्या फरकाची रक्कम हातात आली आणि १३,४०० रुपये देऊन मी डॅक मागवला. पुस्तकाएवढी काळी पेटी. घरी सांगितलं, आप्पांसाठी घेतला.

पहिला आठवडा मी तरंगत होतो. गायकाचा श्वास ऐकू येतोय, तबल्याची शाई वेगळी कळतेय, काय नि काय. सौ. हो हो म्हणत होती. आप्पा एकदा येऊन बसले, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण भुंगा आहेच." आणि ओट्यावर गेले. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

माझी लेक अकरावीला आहे, सायन्स. ती म्हणाली, "बाबा, डोळे मिटून ओळखून दाखवा." आमच्या सीडी प्लेअरला मागे प्रकाशाच्या वायरीचं, म्हणजे ऑप्टिकलचं, तोंड आहे. त्यामुळे एकच सीडी एका वाटेने प्लेअरच्या जुन्या कन्व्हर्टरमधून आणि दुसऱ्या वाटेने नव्या डॅकमधून, अशी एकाच वेळी ॲम्प्लिफायरला येऊ शकते. लेकीने खटका फिरवायचा, मी पाठ करून बसायचं आणि जुनं की नवं ते सांगायचं. पहिल्या आठही वेळा मी बरोबर. मी जिंकल्यासारखा वळलो, तर ती म्हणते, "नवीन मोठ्यानं वाजतंय. म्हणून कळतंय तुम्हाला."

खरंच की! थोडा मोठा आवाज आपल्या कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. मग शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणला, एक स्थिर स्वर लावून स्पीकरच्या टोकांवरचा दाब दोन्ही वेळा सारखा केला. त्यासाठी डॅकचं बटण जरा खाली आणावं लागलं. आता १६ वेळा चाचणी. लेक नाणं उडवून जुनं की नवं ते ठरवणार आणि वहीत लिहिणार. मी ९ वेळा बरोबर निघालो. नाणेफेक करून उत्तरं दिली असती तरी ८ आली असती.

गणिताच्या शिक्षकांसाठी थोडं थांबतो. १६ चाचण्यांत बरोबर-चूक असे एकूण प्रकार होतात २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६. सीडीच्या पायऱ्यांचाच आकडा, कारण तिथेही १६ बिट असतात. यांतल्या २,५१७ प्रकारांत १२ किंवा अधिक उत्तरं बरोबर येतात. म्हणजे कोणी १२ ओळखले तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता शंभरात चारापेक्षा कमी, त्याचं ऐकून घ्यायला हवं. ९ ला काही अर्थ नाही. अकरावी-बारावीला संभाव्यता शिकवताना हे घरचं उदाहरण जरूर वापरा. मुलांना बाबांची फजिती आवडते.

मग पडदा बिडदा काय होतं? इथेच माझी फळ्यावरची आकृती आली. मी वर्षानुवर्षं डिजिटल आवाज म्हणजे जिन्यासारखी रेषा काढायचो आणि सांगायचो, "पायऱ्या जितक्या बारीक, तितका आवाज खरा." ते चूक आहे. कन्व्हर्टरमधून शेवटी बाहेर येते ती गुळगुळीत रेषा. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते हे आपण सातवीपासून घोकतो, तसंच काहीसं इथे आहे. लहरीतल्या सर्वांत उंच वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेळा माप घेतलं असेल, तर त्या बिंदूंतून त्या मर्यादेत बसणारी एकच लहर जाते, दुसरी नाही. माणसाचा कान तरुणपणीही २०,००० हर्ट्झच्या वर जात नाही, दुप्पट ४०,०००, वर थोडी जागा गाळणीसाठी. हे काम वीस वर्षांपूर्वीची साधी चिपही नीट करत होती. माझा जुना प्लेअर मुका नव्हता.

भुंगा मात्र होता. एका संध्याकाळी लॅपटॉपवर गाणं चालू होतं. लेकीने मोबाइल लावायला लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली. ओट्यावरून आप्पांचा आवाज, "आत्ता गेला बघ भुंगा." पिन पुन्हा लावली. "आला." हे तीनदा केलं. तिन्ही वेळा बरोबर, आणि आप्पांकडे तर पाठीमागे भिंत होती.

मी आत येऊन गाणं बंद केलं, पंखा बंद केला आणि आप्पांच्या खुर्चीत बसलो. ती कोपऱ्यात आहे, डाव्या स्पीकरच्या जवळ, खिडकीपाशी. खिडकीच्या पलीकडेच ओटा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात खालचे स्वर साठतात, हे मला ठाऊक होतं. पण माझी जागा खोलीच्या मध्यावर, पंख्याखाली. त्या खुर्चीत बसल्यावर स्पष्ट ऐकू आलं, हूंऽऽऽ. दोन-अडीच वर्षं हे असंच चालू होतं, आणि मी एकदाही त्या खुर्चीत बसलो नव्हतो.

कारण साधं निघालं. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवरच्या बोर्डात, ॲम्प्लिफायर दुसऱ्या. दोन्ही तीन पिनांचे. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला की तो प्रवाह गाण्याच्या वायरीच्या जाळीतून वाहतो आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण स्पीकरपर्यंत पोचते. डॅक यूएसबीने जोडला तरी ही वाट तशीच राहते. दोन्ही पिना एकाच बोर्डात लावल्या, भुंगा गेला. खर्च शून्य रुपये. (कोणी अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला दिला तर अजिबात ऐकू नका, ती जिवासाठी असते.)

पण मुका तंबोरा राहिलाच होता. भुंग्याच्या बाबतीत आप्पा बरोबर होते, मग याही बाबतीत काहीतरी असणार. सौ. म्हणाली, "कान तपासून आणा आधी." खरं तर हे तिने आधीही सुचवलं होतं. तेव्हा मी कर्णयंत्राची किंमत विचारून आलो होतो, डॅकच्या तिप्पट, आणि म्हणालो होतो, बघू पुढच्या वर्षी. हे इथे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं होतं.

कान तपासणीचा आलेख २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत असतो. आप्पांची रेषा १,००० पर्यंत ठीक, २,००० पासून घसरलेली आणि ४,००० ला खड्डा. तपासणाऱ्या बाईंनी आलेख पाहूनच विचारलं, "कारखान्यात होते का?" सतत गोंगाटात काम केलेल्यांच्या आलेखात खड्डा बहुधा तिथेच पडतो. खालचे स्वर जवळजवळ माझ्याइतके शाबूत. म्हणून भुंगा ऐकू येत होता आणि तंबोरा नाही. कारण तंबोऱ्याचा जीव वरच्या स्वरांत असतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच वाद्यांवर लिहिलं होतं: तार जिथे छेडली त्यावरून जे उपस्वर गैरहजर असायला हवेत, तेसुद्धा जवारीमुळे तंबोऱ्यात हजर असतात. आप्पांच्या कानात ते वरचे सगळे गैरहजर होते. राहिला होता टणटण.

कर्णयंत्र घेतलं. गंमत म्हणजे त्यातही तेच असतं: माइकने आवाज घ्यायचा, त्याचे आकडे करायचे, जे स्वर कमी ऐकू येतात तेवढे वाढवायचे आणि पुन्हा आवाज करायचा. शेंगदाण्याएवढ्या पेटीत. पहिल्या दिवशी आप्पा वर्तमानपत्र उघडून दचकले, "कागद एवढा वाजतो?" तंबोरा पूर्वीसारखा नाही आला. "आहे, पण पत्र्याचा वाटतो," म्हणतात. दोनदा जाऊन यंत्र जुळवून आणलं, तिसऱ्यांदा जायचंय.

शाळेतलं एवढंच, की शेवटच्या बाकावरचा एक मुलगा प्रत्येक प्रश्नाला "काय सर?" म्हणायचा आणि आम्ही त्याला लक्ष नसलेला समजायचो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा त्याला मी स्वतः पुढे नेलं. कानही तपासा, असं त्यांना आवर्जून सांगावं. पुढची तपासणी अजून व्हायची आहे.

डॅक परत केला नाही, मुदत संपली होती. चालतो तसा छान. परवा रविवारी आप्पा आपल्या खुर्चीत बसले होते, यंत्र लावून. मी खाँसाहेबांची जुनी तबकडी लावली, म्हणजे तिच्यावरून केलेली सीडी. तंबोऱ्यावर पहिला स्वर लागायच्या आधीच आप्पांनी मान वर केली आणि लेकीला म्हणाले, "बाहेर पाऊस लागला का गं?"

ती खिडकीकडे गेली. बाहेर लख्ख ऊन. तबकडीची खरखर होती ती.