घरगुती डीजे-सामग्रीची निवड आणि कानाचा अधिकार

घरी बसून दोन गाणी एकमेकांत मिसळण्याचा छंद करू पाहणाऱ्याने कोणती डिजिटल सामग्री घ्यावी याविषयी लिहावे, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा तिला तत्काळ होकार देण्यास कारण झाले ते गेल्या लग्नसराईनंतर खालापूर तालुक्यातील एका तरुणाने माझ्याकडे कर्जतला दुरुस्तीसाठी आणलेले, आणि वस्तुतः कोठेही न बिघडलेले, एक यंत्र. वाजत्या गाण्यास दुसरे जोडण्यापूर्वी ते हेडफोनात एकट्याला ऐकता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. लोकांपुढे जाणारा आवाज आणि वाजवणाऱ्याच्या कानापुरता येणारा आवाज यांना दोन स्वतंत्र वाटा लागतात, आणि त्या देणारे साउंडकार्ड त्या यंत्रात मुळातच नव्हते. रंगीत दिव्यांचे पॅड मात्र मुबलक होते. भाताच्या विक्रीतून बाजूला काढलेली रक्कम अशा जिनसेवर खर्ची पडली, याचे मला अद्याप वाईट वाटते.

म्हणून नवशिक्याने दोन चॅनेलचा, अंगचे साउंडकार्ड असलेला कंट्रोलर घ्यावा. चार चॅनेलचा मोह धरू नये. टेम्पोची पट्टी जितकी लांब तितकी उत्तम, कारण मिनिटास १२० ठोक्यांचे गाणे १२६ वर नेणे हा पाच टक्क्यांचा फरक आखूड पट्टीवर बोट केसभर सरकताच चुकतो. आणि स्वर स्थिर ठेवणारे की-लॉक बंद असेल तर वेगाबरोबर स्वरही जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने धरले आणि संगणकाने एका वेळी त्यांतील ५१२ साठवले, तर केवळ या साठवणीपायी आवाजास सुमारे साडेअकरा सहस्रांश सेकंदाचा विलंब होतो; पण हा तपशील येथेच आवरतो.

सिंकच्या बटणाविषयी मात्र विस्ताराने लिहिणे मला भाग आहे. १९७२ साली आलेले टेक्निक्सचे एसएल-१२०० हे तबकडीयंत्र असो वा २००१ सालचा पायोनियरचा सीडीजे-१००० असो, त्यांवर दोन गाण्यांची लय जुळवणे हे वाजवणाऱ्याच्या कानाचेच काम होते. आता एक बटण दाबताच ते होते, आणि संगणकावर रचलेल्या, आरंभापासून अंतापर्यंत एकाच वेगाच्या गाण्यांपुरते ते ठीकही होते. परंतु आमच्या मुलुखात हळदीला जी आगरी-कोळी गीते वाजतात, त्यांतील पुष्कळशी सहा मात्रांच्या डुलत्या ठेक्याची, आणि जुनी ध्वनिमुद्रणे तर जिवंत वादकांची. कडवे संपता संपता ढोलकीवाला रंगात येऊन किंचित पुढे सरतो, आणि संगणकाने समान अंतरावर आखलेली ठोक्यांची जाळी मागे राहते. शिवाय सहा मात्रांची विभागणी न उमगून १०० ठोक्यांच्या गाण्याची नोंद १५० अशी होण्याचा संभव असतो. काही प्रणालींत लवचीक जाळीची सोय आहे हे मला ठाऊक आहे. पण ती जाळी बरोबर पडली की नाही, याचा निवाडा अखेर कानच करतो. ज्याने तो कान कमावला नाही, त्याच्या हाती सिंक देणे मला मान्य नाही, आणि या मतापायी समव्यवसायी मित्रांचा रोष मी अनेकदा पत्करला आहे.

आमच्याकडच्या पावसाळ्याची तजवीजही हवी. दमट हवेने फेडरचे संपर्क गंजतात व आवाजात खरखर शिरते, म्हणून यंत्र झाकून कोरड्या कपाटात ठेवावे. आणि स्पीकरमधून अखंड घुमणारा आवाज येऊ लागल्यास यंत्राला दोष देण्यापूर्वी घरचे अर्थिंग तपासावे.

डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेल्या डब्यांची भिंत आणि छातीत बसणारा दणका, हा समज गावोगाव इतका रुजला आहे की, या छंदात मूळ काम बारकाईने ऐकण्याचे आहे, हे सांगताना मी खरोखर थकतो. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तेव्हा घरगुती अभ्यासास लहान स्पीकरची जोडी आणि कान पूर्ण झाकणारा बंद पाठीचा हेडफोन एवढे पुरते.

या दिवाळीत खरेदीस निघणाऱ्यांनी आपल्या आवडीची दोन जुनी गाणी आणि स्वतःचा हेडफोन बरोबर न्यावा, दुकानात सिंक बंद करवून ती गाणी एकमेकांस जोडून पाहावीत, आणि दुकानदार तशी मुभा देत नसेल तर तेथे यंत्र घेऊ नये.